हरले म्हणून प्रशिक्षक बदलू नका : हॉकी इंडियाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
हॉकी इंडिया, नवी दिल्ली.

स. न. वि. वि.

२ जानेवारी २०२६ ला तुम्ही जाहीर केलंत की भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून शोर्ड मारिन परत येत आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला मी मैदानावर पोचले, तेव्हा बातमी माझ्याआधी मुलींपर्यंत गेलेली होती. आमची गोलकीपर पॅड बांधत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "मॅडम, हे किती दिवस राहणार?"

ती तेरा वर्षांची आहे. टोकिओ ऑलिंपिकच्या वेळी तिसरीत होती. मारिन यांची तिला नीट आठवणही नाही. तरी नवीन प्रशिक्षक आले म्हटल्यावर ते चांगले आहेत का, काय शिकवतील, असं काही तिला विचारावंसं वाटलं नाही. जातील कधी, एवढंच विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तुमच्याकडे असायला हवं, म्हणून हे पत्र. मराठीत लिहिते आहे, कारण ज्या आईबापांच्या मुली पहाटे उठून माझ्याकडे येतात त्यांनीही ते वाचावं असं मला वाटतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. आमच्या शेजारच्या फलटण तालुक्यातून अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ या मुली भारताच्या संघापर्यंत गेल्या. एकाच तालुक्यातल्या तिघी. फलटणचं मैदान, मग पुण्याची क्रीडा प्रबोधिनी, मग बेंगळुरूचं राष्ट्रीय शिबिर, ही वाट आता आमच्याकडच्या प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. २६ जानेवारी २०२५ ला रांचीत महिलांच्या पहिल्या हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना झाला, ओडिशा वॉरियर्सनी तो २-१ असा जिंकला आणि दोन्ही गोल ऋतुजाचे होते. दुसऱ्या दिवशी माझ्या मैदानावर पाच नव्या मुली आल्या. तुमच्या दिल्लीतल्या बैठकीत जे ठरतं ते आमच्या मुरमाच्या मैदानापर्यंत असं येऊन पोचतं, चांगलंही आणि वाईटही.

आधी हिशेब मांडते. सगळा जाहीर आहे, त्यात माझं काही नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये मारिन महिला संघाचे प्रशिक्षक झाले. सात महिन्यांत त्यांना पुरुष संघाकडे नेलं आणि महिला संघ हरेंद्र सिंग यांच्याकडे आला. मे २०१८ मध्ये दोघांची अदलाबदल झाली. टोकिओनंतर मारिन गेले, यानेके शॉपमन आल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, एप्रिलमध्ये हरेंद्र सिंग पुन्हा आले. १ डिसेंबर २०२५ ला त्यांनी राजीनामा दिला आणि आता पुन्हा मारिन. नऊ वर्षांत त्या खुर्चीवर सहा वेळा माणूस बसला आणि माणसं एकूण तीनच.

मला विचाराल तर तिघंही उत्तम प्रशिक्षक आहेत. हरेंद्र सिंग यांनी २०१६ मध्ये लखनौला ज्युनिअर मुलांना विश्वविजेते केलं, आणि २०१७ मध्ये जपानमधल्या काकामिगाहारा इथे आपल्या मुलींनी चीनला शूटआउटमध्ये हरवून आशिया चषक जिंकला तो त्यांच्याच हाताखाली. शॉपमनबाईंच्या काळात बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेचं कांस्य मिळालं, व्हॅलेन्सियात नेशन्स कप जिंकला. मारिन यांच्याबद्दल पुढे लिहिते. माणसं चांगली असूनही जर दर दोन-तीन वर्षांनी हीच वेळ येत असेल, तर दोष माणसांच्या निवडीत नाही. ती कशी ठेवली जातात आणि कशी जातात, तिथे आहे. माझी पहिली तक्रार हीच.

पुरुष संघाचीही कहाणी काही वेगळी नव्हती. टेरी वॉल्श यांच्या हाताखाली २०१४ मध्ये इंचॉनला सोळा वर्षांनी आशियाई सुवर्ण मिळालं आणि ते पदक अजून नवं असतानाच वॉल्श गेले. त्यांच्या जागी आलेले पॉल व्हॅन ऍस २०१५ च्या जुलैत गेले, सहा महिनेही झाले नव्हते. अँटवर्पच्या स्पर्धेत तेव्हाच्या अध्यक्षांशी त्यांची मैदानावरच वादावादी झाली, ती सगळ्यांनी वाचली. याच पॉल व्हॅन ऍस यांनी २०२४ मध्ये पॅरिसला नेदरलँड्सच्या महिला संघाला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. ज्या माणसाला आपण सहा महिने सांभाळू शकलो नाही, त्यानं जगातलं सगळ्यांत मोठं पदक दुसऱ्या देशाला दिलं. हे लिहिताना मला त्रास होतो.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, "मॅडम, संघ हरत होता. काहीतरी करायलाच हवं होतं." हरत होता, मी नाकारत नाही. २०२५ च्या जूनमध्ये युरोपात प्रो लीगचे आठ सामने झाले, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, बेल्जियम, चीन, आणि आठही आपण हरलो, त्यातला एक बरोबरीनंतर शूटआउटमध्ये. तळाला राहिलो, लीगमधून बाहेर पडलो. ते सामने मी रात्री जागून पाहिले आणि मलाही राग आला. प्रो लीगमधून बाहेर पडणं म्हणजे पहिल्या दर्जाच्या संघांशी वर्षभर मिळणारे सामने जाणं, हे मी माझ्या मुलींना फळ्यावर लिहून समजावलं.

पण त्याच उन्हाळ्यात, त्याच युरोपात, पुरुष संघ लागोपाठ सात सामने हरला होता. सात! क्रेग फुल्टन यांच्याविरुद्ध तेव्हा कमी लिहिलं गेलं नाही. तुम्ही त्यांना ठेवलंत. सप्टेंबरमध्ये राजगीरला त्याच संघानं कोरियाला ४-१ असं हरवून आशिया चषक जिंकला आणि विश्वचषकाचं थेट तिकीट मिळवलं. तो निर्णय बरोबर होता. त्याच महिन्यात महिला संघ हांगझोला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला, चीनकडून १-४ हरला आणि रौप्य घेऊन आला. अडीच महिन्यांनी प्रशिक्षक नव्हते. आणि आता मार्चमध्ये हैदराबादला विश्वचषकाची पात्रता स्पर्धा आहे. नवं शिबिर १९ जानेवारीला सुरू होतंय. म्हणजे नव्या प्रशिक्षकाला मिळतात जेमतेम सात आठवडे.

सात आठवड्यांत काय होतं, ते ज्यांनी संघ बांधला आहे त्यांनाच कळेल. प्रशिक्षक बदलला की फक्त शिट्टी वाजवणारा बदलत नाही. प्रतिस्पर्ध्याला कुठे अडवायचं, त्यांच्या अर्ध्यात घुसून की आपल्या अर्ध्यात दबा धरून, ते बदलतं. बचावात माणसामागे माणूस की ज्याची त्यानं आपली जागा सांभाळायची, ते बदलतं. पेनल्टी कॉर्नरला चेंडू कोण ढकलणार, कोण थांबवणार, फ्लिक कोण मारणार आणि फसवा डाव कुठल्या इशाऱ्यावर खेळायचा, ते बदलतं. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग, सतत आत-बाहेर होणारे खेळाडू, कोण कुणासोबत मैदानावर असेल, ती जोड्यांची गणितं बदलतात. मेंदूनं शिकलेलं पायात उतरायला महिने लागतात. पायात उतरेपर्यंत नवा माणूस आला की मुलगी मैदानावर विचार करत बसते, आणि या खेळात विचार करत बसायला वेळ नसतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तीस वर्षांपूर्वी मी राज्याच्या मुलींच्या संघात सेंटर हाफ खेळत होते. राष्ट्रीय स्पर्धेच्या आठ दिवस आधी आमचे प्रशिक्षक बदलले. पहिल्या सरांनी महिनाभर शिकवलं होतं, समोरच्या फॉरवर्डला सोडायचं नाही, ती पाणी प्यायला गेली तरी तिच्या मागे जा. दुसऱ्या सरांनी सांगितलं, जागा सोडायची नाही. पहिल्याच सामन्यात मी एकदा जागा सोडून धावले आणि तिथूनच गोल झाला. मला बाहेर काढलं. बाकावर बसून मी रडले. गोल झाल्याचं दुःख होतंच, पण माझं नेमकं काय चुकलं हेच मला कळत नव्हतं. पहिले सर का गेले हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

आणि दहा-बारा वर्षांपूर्वी माझीच एक विद्यार्थिनी एका निवड शिबिरापर्यंत पोचली. डाव्या बाजूची हाफ, पायात वारा असलेली पोर. तिथल्या प्रशिक्षकानं तिला बाजूला घेऊन सांगितलं, तुझा टॅकल कच्चा आहे, सहा महिने त्यावर काम कर आणि परत ये. तिनं केलं. रोज संध्याकाळी मी तिच्यावर चेंडू घेऊन धावायचे आणि ती माझ्या स्टिकमधून तो काढून घ्यायची, माझी मनगटं सुजायची. सहा महिन्यांनी गेली तर तिथे दुसरेच प्रशिक्षक. आधीच्यांनी काय सांगितलं होतं याची कुठे नोंद नव्हती. यादी फोनवर आली, तिचं नाव नव्हतं, कारणही नव्हतं. आज ती नर्स आहे, चांगली नोकरी आहे, संसार आहे. स्टिक तिनं मला आणून दिली. अजून आमच्या खोलीत आहे ती.

तर हरण्याबद्दल. टोकिओला मारिन यांच्या संघानं पहिले तीन सामने कसे खेळले ते तुम्हाला आठवत असेलच. नेदरलँड्सकडून १-५, जर्मनीकडून ०-२, ब्रिटनकडून १-४. त्या तिसऱ्या हारीनंतर समाजमाध्यमांवर लोकांनी काय काय लिहिलं होतं! मग आयर्लंडला १-० हरवलं, दक्षिण आफ्रिकेला ४-३. आणि २ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी ऑस्ट्रेलिया. शाळा बंद होत्या, मी घरी एकटी टीव्हीपुढे. गुरजित कौरचा तो एक गोल, आणि त्यानंतर सविता पुनियानं गोलपुढे जे काही केलं ते. शेवटचा भोंगा वाजला आणि माझा फोन जो वाजायला लागला तो दुपारपर्यंत थांबला नाही, एकामागून एक सगळ्या माझ्या मुली. पुढे उपांत्य सामना अर्जेंटिनाकडून आणि कांस्यपदकाचा सामना ब्रिटनकडून हरलो, चौथे आलो. त्याच्या पाच वर्षं आधी रिओत हाच संघ बारा देशांत बारावा होता. बारावरून चारवर आणणारी ती सव्वातीन वर्षं मारिन यांना सलग मिळाली होती. या नऊ वर्षांत एवढा सलग मिळालेला तो एकच काळ, आणि त्याच काळात आपण सगळ्यांत वर गेलो. मला यापेक्षा वेगळा पुरावा नको.

शॉपमनबाई याच संघात मारिन यांच्या सहायक होत्या, म्हणून धागा तुटला नाही. १९ जानेवारी २०२४, रांची. जपानविरुद्ध सहाव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर गोल बसला आणि पुढची चोपन्न मिनिटं आपल्या मुली धडका देत राहिल्या. ०-१. पॅरिस गेलं. महिन्याभरात त्या गेल्या. जाताना एका वृत्तपत्राला त्यांनी जे सांगितलं ते मला हारीपेक्षा जास्त लागलं : या देशात बाईला काम करणं फार कठीण आहे, आपल्या मताला किंमत दिली जात नाही, पुरुष संघाच्या प्रशिक्षकांना मिळते ती वागणूक आपल्याला मिळत नाही. ही माझी दुसरी तक्रार. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं की नव्हतं याची चौकशी होऊन निष्कर्ष लोकांसमोर यायला हवा होता. तो आला नाही. मी रोज चाळीस मुलींना सांगते की मैदानावर तुम्ही कुणापेक्षा कमी नाही. देशाच्या महिला संघाची प्रशिक्षिका म्हणते की माझं कुणी ऐकत नाही, तेव्हा माझं बोलणं त्या मुलींना कसं खरं वाटावं?

तिसरी तक्रार १ डिसेंबरची. हरेंद्र सिंग यांच्या राजीनाम्याला वैयक्तिक कारण दिलं गेलं. वर्तमानपत्रांतून मात्र खेळाडूंच्या नाराजीच्या बातम्या आल्या. दोन्हींपैकी काय खरं, ते ठरवायचं काम वाचकांवर सोडून देण्यात आलं. यात दोन्ही बाजूंवर अन्याय होतो. खेळाडूंनी काही सांगितलं असेल, तर त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं गेलं हे इतर मुलींना कळायला हवं. सांगितलं नसेल किंवा त्यात तथ्य नसेल, तर ज्या माणसानं तीस-पस्तीस वर्षं या खेळाला दिली त्याच्याभोवती कुजबुज ठेवून त्याला घरी पाठवणं बरोबर नाही. मी कुणाची बाजू घेत नाही. उघडपणे विचारून उघडपणे सांगण्याची पद्धतच आपल्याकडे नाही, हे मी म्हणते आहे.

इथे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते लिहिते. प्रशिक्षकाला काढण्याचं कारण हार असू नये. खेळाडूंशी वागणूक हे कारण असावं. आणि ते कारण खरं ठरलं तर संघ जिंकत असला तरी काढावं.

हे करून दाखवलेलं आहे. अॅलिसन अनन यांच्या हाताखाली नेदरलँड्सच्या मुलींनी २०१८ चा विश्वचषक जिंकला, टोकिओचं सुवर्ण जिंकलं. जगात त्यांच्यापुढे कुणी नव्हतं. तरी संघातल्या वातावरणाबद्दल खेळाडू बोलल्या, चौकशी झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या महासंघानं त्यांच्यापासून वेगळं होण्याचा निर्णय घेतला. विश्वचषक सहा महिन्यांवर होता. तो विश्वचषकही नेदरलँड्सनी जिंकला. अनन यांचंही आयुष्य संपलं नाही, त्या चीनला गेल्या आणि पॅरिसला चीनला रौप्य मिळवून दिलं. पॅरिसच्या त्या अंतिम सामन्यात एका बाकावर अनन होत्या आणि दुसऱ्या बाकावर आपण घालवलेले पॉल व्हॅन ऍस. तो सामना बघताना माझ्या डोक्यात खेळापेक्षा हेच चाललं होतं.

आता हारीची खरी कारणं, कारण ती प्रशिक्षकाच्या खुर्चीखाली झाकली जातात. महिलांची लीग २०२५ मध्ये पहिल्यांदा झाली, चार संघांची. पुरुषांची २०१३ मध्ये सुरू झाली होती, पाच हंगाम झाले, आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा आठ संघांची. म्हणजे परदेशी खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून, भरल्या मैदानात, अंगावर येणाऱ्या सामन्यात खेळायचा अनुभव आपल्या मुलींना मुलांच्या कितीतरी मागून मिळायला लागला. आणि पेनल्टी कॉर्नर. ड्रॅग फ्लिक, म्हणजे पेनल्टी कॉर्नरला चेंडू स्टिकनं ओढत गोलात भिरकावणं, ही वीस-बाविसाव्या वर्षी बेंगळुरूत शिकायची गोष्ट नाही. ती चौदाव्या-पंधराव्या वर्षी कंबरेत आणि पाठीत भरावी लागते, हजारो वेळा, आणि तेही टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर. आमच्या मुरमावर चेंडू स्टिकच्या आकड्यात बसून घसरतच नाही, खडा लागला की उडतो. माझ्याकडे फ्लिक मारण्याजोगी उंच, दणकट मुलगी दर दोन वर्षांनी एक तरी येते. टर्फ आमच्यापासून कित्येक तासांवर. वर्षातून चार वेळा तिथे नेते, गाडीभाडं पालक वर्गणी काढून देतात. त्या मुलीचा फ्लिक कच्चा राहिला, तर त्याला मारिन काय करणार, आणि हरेंद्र सिंग काय करणार होते?

हे तुम्हाला कळत नाही असं मी म्हणत नाही. तुमचे अध्यक्ष दिलीप तिर्की स्वतः ओडिशातल्या सुंदरगढच्या मातीतून येऊन देशाचे कर्णधार झाले, तीन ऑलिंपिक खेळले. त्यांना मुरमाचं मैदान मी समजावून सांगायची गरज नाही. म्हणूनच त्यांच्याकडून माझी अपेक्षा जास्त आहे.

माझ्या मागण्या लिहिते.

मारिन यांच्याशी झालेला करार लॉस एंजेलिस २०२८ पर्यंत आहे असं लेखी आणि जाहीर सांगा. मार्चमध्ये हैदराबादला हरलो तरी ते राहतील, ऑगस्टमधल्या विश्वचषकात आपण नसलो तरी राहतील, हे आत्ताच सांगा, हरल्यावर नको. माझ्या जिवाला ते किती लागेल याची मला कल्पना आहे, तरी म्हणते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जपानला आशियाई स्पर्धा आहे, तिथल्या सुवर्णावर ऑलिंपिकचं थेट तिकीट आहे. त्या स्पर्धेनंतर एकदा कामाचा आढावा घ्या, आणि आढावा कुठल्या गोष्टींचा घेणार ते आधी ठरवा : पेनल्टी कॉर्नर किती मिळवले आणि किती सत्कारणी लावले, किती नव्या मुली तयार झाल्या, दुखापती किती झाल्या, शेवटच्या पंधरा मिनिटांत किती गोल खाल्ले. नुसता जिंकले-हरलेचा तक्ता नको.

खेळाडूंना तक्रार करायला अशी जागा द्या की जिथे प्रशिक्षकही नसेल, निवड समितीही नसेल आणि तुमचा पदाधिकारीही नसेल. गेल्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला आहे. त्यात खेळाडूंची समिती आहे, सुरक्षित क्रीडा धोरण आहे, तक्रार निवारणाची तरतूद आहे. कायद्यानं लावलं म्हणून कागदावर समिती करू नका. तिच्यात खेळ सोडलेल्या महिला खेळाडू घ्या, ज्यांना आता कुणाच्या यादीत नाव यायची भीती नाही. तक्रार केल्यामुळे मुलगी संघाबाहेर गेली नाही, हे दाखवता येईल अशी नोंद ठेवा. आणि तक्रार खरी ठरली तर मारिन असोत की आणखी कुणी, त्यांना थांबवा, मग गळ्यात सुवर्णपदक असलं तरी.

प्रशिक्षक जातील तेव्हा कारण सांगा. चार ओळी पुरेत. कुणाची अब्रू काढायला नकोत त्या, पण खऱ्या असाव्यात. आणि जाणाऱ्यानं येणाऱ्याच्या हातात प्रत्येक खेळाडूबद्दल लेखी टिपण द्यावं हे करारातच घाला. माझ्या त्या डाव्या हाफचं नाव कुणीतरी एका वहीत लिहून ठेवलं असतं, तर पुढे काय झालं असतं ते मला ठाऊक नाही, पण तिला निदान कुणीतरी विचारलं असतं.

भारतीय सहायक प्रशिक्षक कायम ठेवा, आणि महिला संघात ती बाई असू द्या. मुख्य प्रशिक्षक परदेशातून येतील, जातील. मुलींची भाषा, त्यांच्या घरच्या अडचणी, पाळीच्या दिवसांतला सराव, लग्नाचा तगादा लावणारे काका, हे जाणणारं माणूस तिथे दहा वर्षं टिकलं पाहिजे. राणी रामपालनं खेळ सोडला, वंदना कटारियानं ३२० सामने खेळून खेळ सोडला. इतका अनुभव देशात दुसरीकडे कुठे आहे? त्यांना सत्काराच्या शालीवर थांबवू नका.

आणि शेवटची मागणी महाराष्ट्राची म्हणा, माझी म्हणा. फलटणनं तीन मुली दिल्यानंतरही आमच्या जिल्ह्यात टर्फसाठी पालकांना गाडीभाड्याची वर्गणी काढावी लागते. राज्य सरकार आणि तुम्ही मिळून जिथून मुली येत आहेत तिथे टर्फ न्या. मुलींना टर्फपर्यंत न्यायचं काम आम्ही वीस वर्षं केलं आहे.

उत्तर पाठवाल अशी आशा आहे. मराठीत आलं तर मैदानावर वाचून दाखवीन, हिंदी-इंग्रजीत आलं तर समजावून सांगेन. गोलकीपरनं विचारलं होतं ते तिनं परत विचारलेलं नाही, पण रोज पॅड बांधताना ती माझ्याकडे बघते.

आपली,
सातारा जिल्ह्यातील एक क्रीडाशिक्षिका